खोल समुद्रात बुडालेलं पाणी परत वर येतं कुठून?

अटलांटिक महासागरातलं पाण्याचं अभिसरण मंदावतंय का, याबद्दलच्या बातम्या गेली काही वर्षं सतत येत आहेत. बातमीसोबत बहुतेक वेळा एक नकाशा असतो. लाल बाण म्हणजे उत्तरेकडे जाणारं उबदार पाणी. निळा बाण म्हणजे ग्रीनलंडच्या आसपास थंड होऊन बुडालेलं आणि खोलवरून दक्षिणेला परतणारं पाणी. नकाशा बरोबरच आहे. पण तो जरा वेळ न्याहाळला की दोन प्रश्न पडतात. एवढा थोरला महासागर मोकळा पडलेला असताना निळा बाण पश्चिमेच्या कडेला चिकटूनच का जातो? आणि बुडालेलं पाणी शेवटी वर येतं कुठून?

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. उत्तर अटलांटिक आणि अंटार्क्टिकाचा किनारा मिळून दर सेकंदाला कोट्यवधी घनमीटर पाणी खोल जातं. जेवढं खाली जातं तेवढंच कुठेतरी वर यायला हवं. तसं होत नसतं, तर काही हजार वर्षांत वरचा थोडासा थर सोडून अख्खा महासागर बर्फगार, साचलेल्या पाण्याने भरून गेला असता. बुडण्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. वर येण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या मते मात्र खरं नवल तिथेच आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की आपण समुद्रतळावरच्या उतारांपाशी पोहोचतो.

## आधी पाण्याच्या थरांविषयी

महासागराची सरासरी खोली साधारण ३,७०० मीटर. सूर्याची ऊब पोहोचते ती फक्त वरच्या भागात. विषुववृत्तावरसुद्धा काही किलोमीटर खाली गेलं की पाण्याचं तापमान शून्य ते चार अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. थंड आणि खारट पाणी जड, उबदार आणि कमी खारट पाणी हलकं. त्यामुळे समुद्र वरपासून खालपर्यंत थराथरांनी रचलेला असतो, जड थर तळाला.

थरांमधला हा फरक ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतो. वरच्या घनमीटरभर पाण्याचं वजन साधारण १,०२५ किलो धरलं, तर तळाचं पाणी, दाबाचा परिणाम बाजूला ठेवून, त्याहून तीनेक किलोनेच जड भरतं. पण एवढा फरक पुरतो. एकाच थरात पाणी हजारो किलोमीटर सहज सरकतं, मात्र एका थरातून दुसऱ्यात जायचं तर त्याला हलकं किंवा जड व्हावं लागतं, आणि त्यासाठी कुठून तरी ऊर्जा लागते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

## 'तीव्र उतार' म्हणजे किती तीव्र?

किनाऱ्यापासून आत गेलं की आधी उथळ भूखंडमंच लागतो. साधारण दीडशे-दोनशे मीटर खोलीपाशी तो संपतो आणि तळ तीन-चार किलोमीटर खोल जातो. हा खंडान्त उतार. पुस्तकातल्या आकृतीत तो कड्यासारखा दिसतो, कारण आकृतीत उंची ताणलेली असते. प्रत्यक्षात त्याचा सरासरी कल तीन-चार अंशांचा. जमिनीवर असता तर माणूस न दमता चढून गेला असता. काही ठिकाणं खरोखरच उभी आहेत. बहामाजमधल्या अबाको बेटाच्या पूर्वेला किनाऱ्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत समुद्र जवळपास चार किलोमीटर खोल होतो. समुद्रतळावरच्या घळयांच्या भिंती तर त्याहूनही उभ्या असतात.

पण पाण्याच्या दृष्टीने तीन-चार अंशही पुष्कळ झाले. महासागराची रुंदी हजारो किलोमीटर आणि खोली जेमतेम चार. इतक्या पसरट पाण्यात थर जवळजवळ आडवे असतात, आणि त्यांना छेदणारा कुठलाही कल ही मोठी घटना असते. शिवाय उतार फक्त खंडांच्या कडेला नाहीत. सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची जलमग्न पर्वतरांग महासागरांच्या मधून गेली आहे, आणि तिच्याखेरीज हजारो सुटे डोंगर आहेत.

## पाणी उतारावरून सरळ खाली का जात नाही?

ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत तळाशी एक उंबरठा आहे. त्यावरून उत्तरेकडचं थंड, जड पाणी दर सेकंदाला सुमारे ३० लाख घनमीटर या प्रमाणात दक्षिणेला ओसंडतं. याला अनेकदा जगातला सर्वांत मोठा धबधबा म्हटलं जातं. मला हे वर्णन थोडं खटकतं, कारण धबधब्याचं पाणी सरळ खाली पडतं, आणि हे पाणी नेमकं तेच करत नाही.

पृथ्वी फिरत असल्यामुळे लांब पल्ल्यावर वाहणारी कुठलीही गोष्ट उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. हा कोरिऑलिस परिणाम. उतार उतरू पाहणारं जड पाणी उजवीकडे वळत जातं, आणि शेवटी गुरुत्वाकर्षणाची खाली ओढ आणि हे वळण यांचा तोल जमतो. मग पाणी उताराच्या आडव्या दिशेने, जवळपास त्याच खोलीवर राहून वाहू लागतं. तळाशी घर्षण होतं म्हणून ते हळूहळू खाली सरकतंही, पण मुख्य प्रवास आडवाच. निळा बाण कडेला चिकटतो याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं पृथ्वीच्या गोल आकारात आहे. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना कोरिऑलिस परिणाम वाढत जातो, आणि त्यामुळे मोठे प्रवाह महासागरांच्या पश्चिम काठाला गोळा होतात.

समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९५०च्या दशकात नुसत्या सिद्धांतावरून सांगितलं होतं की अमेरिकेच्या पूर्व उताराला लागून, वरच्या गल्फ स्ट्रीम या उत्तरेकडे जाणाऱ्या उबदार प्रवाहाच्या उलट दिशेने, खोलवर एक प्रवाह असला पाहिजे. १९५७मध्ये जॉन स्वॅलो आणि व्हॅलेंटाइन वर्थिंग्टन तो शोधायला गेले. स्वॅलो यांचं उपकरण साधं आणि फार हुशारीचं होतं. बांधकामाच्या परांच्या उभारायला वापरतात तशा ॲल्युमिनियमच्या नळ्या दोन्ही टोकांना बंद केलेल्या, आत ध्वनी सोडणारं यंत्र. पाण्यापेक्षा ही नळी कमी दबते. म्हणून खाली जाता जाता भोवतालचं पाणी तिच्याइतकंच दाट झालं की ती तिथेच थांबते आणि त्या पाण्याबरोबर वाहत राहते. जहाजावरून तिचा आवाज ऐकत माग काढायचा. २,८०० मीटर खोलीवर नळ्या सेकंदाला ९ ते १८ सेंटिमीटर वेगाने दक्षिणेकडे निघालेल्या सापडल्या. म्हणजे दिवसाला आठ ते पंधरा किलोमीटर, स्टॉमेल म्हणाले होते त्याच दिशेने.

आडव्या दिशेने वाहण्याची ही सवय २०१०मध्ये फार वाईट निमित्ताने दिसली. मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' दुर्घटनेत फुटलेल्या विहिरीतून निघालेल्या तेल-वायूचा सगळा भाग वर आला नाही. सुमारे १,१०० मीटर खोलीवर त्याचा ३५ किलोमीटरहून लांब पट्टा तयार झाला, आणि तो उताराला धरून नैर्ऋत्येकडे सरकत होता.

## समुद्राच्या पोटातल्या लाटा

लाट म्हटली की पाण्याचा पृष्ठभाग डोळ्यांसमोर येतो. तिथे खाली पाणी, वर हवा, आणि दोघांच्या वजनात आठशेपट फरक. वर उचललेलं पाणी लगेच खाली खेचलं जातं. समुद्राच्या आत दोन थरांमध्येही असाच खालीवर हेलकावा होतो, पण तिथे फरक हजारात दोन-तीन भागांचा. परत खेचणारा जोर अगदी कमी. म्हणून या अंतर्गत लाटा संथ असतात आणि प्रचंड उंच होतात.

१८९३मध्ये नॉर्वेचे शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन यांचं 'फ्राम' जहाज आर्क्टिकच्या वाटेवर असताना इंजिन पूर्ण जोरात चालूनही जागच्या जागी खिळल्यासारखं झालं. समुद्र वरून शांत होता. खारट पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होता, आणि जहाजाची ताकद त्या दोहोंच्या मधल्या सीमेवर न दिसणाऱ्या लाटा उठवण्यात खर्च होत होती. वान वालफ्रीड एकमन यांनी १९०४मध्ये टाकीतल्या प्रयोगांनी हे सिद्ध केलं.

खोल समुद्रातल्या अशा लाटांचा मोठा कारखाना म्हणजे भरती-ओहोटी. भरतीचं पाणी फक्त किनाऱ्यावर चढत-उतरत नाही. तळापासून वरपर्यंत सगळं पाणी दिवसातून दोनदा पुढे-मागे सरकतं. वाटेत डोंगररांग आली की थर तिच्यावर चढतात आणि उतरतात, आणि त्यातून अंतर्गत लाटा सुटून हजारो किलोमीटर जातात. उपग्रहांनी मोजलेल्या समुद्रपातळीवरून गॅरी एगबर्ट आणि रिचर्ड रे यांनी २०००मध्ये हिशेब मांडला. भरती-ओहोटीची ऊर्जा एकूण सुमारे साडेतीन टेरावॉट, म्हणजे साडेतीन लाख कोटी वॉट. तिच्यातला एक टेरावॉटच्या आसपास भाग उथळ किनाऱ्यांवर न जिरता खोल समुद्रात, मुख्यतः खडबडीत तळाच्या वर खर्ची पडतो.

तैवान आणि फिलिपिन्स यांच्यामधल्या लुझोन सामुद्रधुनीत दोन उंच जलमग्न रांगा आहेत. तिथून निघून दक्षिण चीन समुद्रात जाणाऱ्या अंतर्गत लाटा २०० मीटरहून उंच होतात. वर जहाजावर उभ्या माणसाला मात्र पाण्यावर खडबडीत आणि गुळगुळीत पट्टे तेवढे दिसतात. अंदमान समुद्रातले असेच पट्टे १९७५मध्ये अपोलो-सोयूझ या अंतराळ मोहिमेच्या छायाचित्रात टिपले गेले.

## लाट उतारावर आदळते तेव्हा

इथे एक अशी गोष्ट घडते जी रोजच्या अनुभवात कुठेच भेटत नाही. प्रकाश आरशावर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. तो कोन आरशाच्या संदर्भात मोजायचा. अंतर्गत लाटेचं तसं नसतं. तिची ऊर्जा तिरकी प्रवास करते, आणि तो तिरपा कोन क्षितिजाच्या संदर्भात ठरलेला असतो. लाटेचा आवर्तनकाळ, पाण्याच्या थरांमधला फरक आणि त्या अक्षांशावरचा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्यावरच तो अवलंबून. उतार कसाही असो, आदळल्यानंतरही लाटेला क्षितिजाशी तोच कोन राखावा लागतो.

आता समजा, तळाचा उतार आणि लाटेचा कोन जवळजवळ सारखे आहेत. मग परतणारी लाट उताराला समांतर निघते. येताना रुंद पट्ट्यात पसरलेली ऊर्जा परतताना अगदी अरुंद पट्टीत दाबली जाते, लाट असह्य उभी होते आणि फुटते. जड पाणी हलक्याच्या वर उलटतं, भोवरे उठतात, थर एकमेकांत मिसळतात. लुझोन सामुद्रधुनीत असं उलटणारं पाणी ५०० मीटर उंचीपर्यंत मोजलं गेलं आहे. पृष्ठभागावर याचा मागमूसही नसतो.

खोल पाण्यात दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीच्या अंतर्गत लाटेचा कोन साधारण किती? दोन ते चार अंश. आणि खंडान्त उताराचा सरासरी कल? जवळपास तेवढाच. हा योगायोग नसावा, असं डेव्हिड काचिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये मांडलं. उतार त्या कोनाला पोहोचला की तळाशी पाणी इतकं खवळतं की तिथे गाळ टिकत नाही. म्हणजे वरून येणारा गाळ किती उभा रचला जाईल याची मर्यादा या लाटाच घालतात. खंडांच्या कडांना आकार देण्यात चंद्राच्या ओढीचा एवढा वाटा असू शकतो, हे वाचलं तेव्हापासून समुद्रतळाचा नकाशा मला वेगळाच दिसायला लागला आहे.

## दहा-बारा दिवसांत एकदा येणारी लाट

उतारांजवळ आणखी एका जातीची लाट असते. तिच्यात पाणी वर-खाली फारसं होत नाही, आडवं सरकतं. ही समजायला जरा वेळ लागतो, पण खोल समुद्रात काम करणाऱ्या अभियंत्यांची झोप उडवणारी तीच.

पृथ्वीबरोबर समुद्रातला पाण्याचा प्रत्येक स्तंभ सूक्ष्मपणे फिरत असतो. स्तंभ उतारावरून खोल बाजूला ढकलला गेला की तो उंच आणि बारीक होतो. गिरकी घेणाऱ्याने पसरलेले हात अंगाशी घेतले की गिरकी वेगवान होते, तसा हा बारीक झालेला स्तंभ जास्त जोरात फिरू लागतो. उथळ बाजूला ढकलला गेला तर बुटका, रुंद आणि मंद होतो. जोरात फिरणारा स्तंभ शेजारच्या पाण्याला एका बाजूला उताराच्या वर आणि दुसऱ्या बाजूला खाली ओढतो. तो शेजारी मग पुढच्याला. अशी ही हालचाल उताराला धरून पुढे जाते. एका जागी उभं राहून पाहिलं तर प्रवाह काही दिवस एका दिशेला वाढत जातो, ओसरतो, मग उलट्या दिशेला वाढतो. पूर्ण आवर्तनाला साधारण दहा-चौदा दिवस, कधी महिनाही लागतो. याला भूरूपी रॉसबी लाट म्हणू.

तिची विशेष बाब अशी की तिचा जोर तळाशी सर्वाधिक असतो आणि वर येताना कमी होतो. वादळं, वारे, वरचे प्रवाह यांची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. मेक्सिकोच्या आखातात सिग्सबी नावाचा उभा कडा आहे. १९९९मध्ये त्याच्या पायथ्याशी, सुमारे २,००० मीटर खोलीवर, सेकंदाला ९० सेंटिमीटरच्या आसपास प्रवाह मोजला गेला. वरच्या लूप करंट या प्रवाहातून सुटलेले मोठे भोवरे खालचं पाणी ढवळतात आणि त्यातून या लाटा निघतात, असं निदान झालं.

सेकंदाला ९० सेंटिमीटर म्हणजे सावकाश चालण्याचा वेग. त्यात काय एवढं? पण पाणी हवेपेक्षा आठशेपटीने जड आहे. वाहत्या द्रवाचा दाब घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने वाढतो. तो हिशेब केला तर तळाशी उभ्या असलेल्या पाइपवर हा प्रवाह ताशी ९०-९५ किलोमीटरच्या वाऱ्याइतका रेटा देतो, आणि तोही दिवसेंदिवस. कड्याच्या पायथ्याशी चिखलात एक ते दहा मीटर खोल आणि कित्येक किलोमीटर लांब समांतर चर सापडले आहेत. ते अशाच प्रवाहांनी कोरले. तेलविहिरींचे पाइप आणि नांगराच्या साखळ्या इथे टाकायच्या असतील तर आधी वर्षभर तळाचे प्रवाह मोजावे लागतात.

## मग पाणी वर कसं चढतं?

आता मूळ प्रश्नाकडे. १९६६मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी सोपा हिशेब केला. बुडणारं पाणी सगळ्या महासागरभर सारखं वर येत असेल तर ते दिवसाला सव्वा सेंटिमीटर या संथ गतीने येत असलं पाहिजे, आणि त्यासाठी वरची ऊब ठरावीक दराने खाली मिसळली गेली पाहिजे. तो दरही त्यांनी काढला.

पुढे उपकरणं सुधारली आणि अडचण आली. जेम्स लेडवेल यांनी १९९२मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये ३०० मीटर खोलीवर एक निरुपद्रवी वायू सोडून तो किती पसरतो ते महिनोनमहिने मोजलं. मिसळण्याचा दर मंक यांच्या आकड्याच्या जेमतेम एक दशांश निघाला. खुल्या समुद्राच्या मध्यावर थर जवळजवळ शांत पडलेले होते. १९९०च्या दशकातच दक्षिण अटलांटिकच्या ब्राझील खोऱ्यात कर्ट पोल्झिन आणि सहकाऱ्यांना दुसरी बाजू सापडली: सपाट तळावर शांतता, पण मध्य अटलांटिक रांगेच्या खडबडीत उतारांवर कित्येक पटींनी खळबळ. कारण वर पाहिलंच. भरतीच्या लाटा तिथे उठतात आणि तिथेच फुटतात.

कोडं सुटलं असं वाटत होतं. पण बारकाईने पाहिलं तर या शोधाने ते आणखी अवघड केलं.

तळापासून शे-दोनशे मीटर वर असलेला पाण्याचा एक थर घ्या. त्याच्या वर किंचित उबदार पाणी, खाली किंचित थंड. खळबळ झाली की तो वरच्याकडून थोडी ऊब घेतो आणि खालच्याला थोडी देतो. आता खळबळ तळाकडे वाढत जाते आहे. म्हणजे त्याची खालच्या थराशी देवाणघेवाण वरच्यापेक्षा जास्त. आलेल्या उबेपेक्षा गेलेली ऊब अधिक. थर थंड होतो, जड होतो आणि खाली सरकतो. ज्या जागी खळबळ पाणी वर आणेल अशी आशा होती, तिथेच ती पाणी बुडवते आहे!

सुटका होते ती अगदी तळाला टेकलेल्या पातळ थरात. त्याच्या खाली पाणीच नाही, खडक किंवा गाळ आहे. ऊब खाली देण्याची सोय नाही, वरून येणारी मात्र चालू. भूगर्भातून झिरपणारी थोडीशी उष्णताही त्याला मदत करते. हा थर हलका होत जातो. आणि तो उतारावर असल्यामुळे त्याच्यासमोर वाट असते: उताराच्या वरच्या अंगाला त्याच्याइतकंच हलकं पाणी असतं, तिथपर्यंत तो तळाला घासत चढत जातो. २०१६-१७च्या सुमारास राफाएले फेरारी, ट्रेव्हर मॅकडूगल आणि इतरांनी हे गणित पूर्ण मांडलं. उताराला चिकटलेल्या काही दहा मीटर जाडीच्या थरातून पाणी जोरात वर, त्याच्या लगेच वरच्या थरातून पाणी खाली. दोन्ही आकडे मोठे, आणि त्यांची वजाबाकी म्हणजे मंक यांनी हिशेबात धरलेली संथ चढण.

सिद्धांत देखणा होता, पण पाणी खरंच चढताना कुणी पाहिलं नव्हतं. २०२१मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला रॉकॉल ट्रफ भागातल्या एका घळईत संशोधकांनी तळाच्या अगदी जवळ, निरुपद्रवी, चकाकणारा हिरवा रंग सोडला. रंग अर्थातच वरून दिसत नाही. जहाजावरून वेगाने खाली-वर होणारं यंत्र सतत पाण्यात सोडत, त्याच्यावरच्या प्रकाशसंवेदकाने रंगाचा ढग शोधायचा, तोही भरतीबरोबर घळईत वर-खाली धावत असताना. दिवसभरात ढग हलक्या पाण्यात सरकलेला दिसला, दिवसाला सुमारे १०० मीटर या गतीने. मंक यांच्या सरासरीच्या जवळपास दहा हजार पट. बेथन विन-कॅटनाक आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध केले.

## 'पण पाणी वारा वर आणतो ना?'

आणतो, आणि हा आक्षेप रास्त आहे. अंटार्क्टिकाभोवती वाहणारे पश्चिमी वारे पृष्ठभागाचं पाणी उत्तरेला ढकलतात, आणि त्याच्या जागी खोलवरचं पाणी तिरक्या थरांवरून वर येतं. थर स्वतःच तिरके असल्यामुळे इथे मिसळण्याची गरज पडत नाही. उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेल्या पाण्याचा बराच भाग याच वाटेने वर येतो असं आज मानलं जातं. पण अंटार्क्टिकाच्या काठाशी बुडणारं पाणी सगळ्यात जड. त्याचे थर तिथे पृष्ठभागापर्यंत तसे पोहोचत नाहीत की वारा त्याला थेट उचलेल. आधी हलकं होणं त्याला चुकत नाही, आणि ते काम उतारांवर होतं.

## 'एका घळईवरून सगळ्या महासागराचं गणित कसं मांडणार?'

मांडू नयेच. घळईच्या भिंती लाटांना अडकवतात, म्हणून तिथे खळबळ नेहमीपेक्षा जास्त. शिवाय दिवसाला १०० मीटर ही गती अरुंद पट्टीतली आहे. शेजारी खाली जाणारं पाणीही आहेच. त्या प्रयोगाने सिद्ध झालं ते एवढंच की चढण खरोखर घडते आणि सिद्धांताने सांगितलेल्या जागी घडते. मात्र खंडान्त उतारांवर घळया हजारोंनी आहेत, त्यामुळे तिथे काय चालतं हा किरकोळ प्रश्न राहत नाही.

## 'इतक्या खोलवरच्या गोष्टींचा आपल्याला काय फरक पडतो?'

सगळ्यात सरळ उत्तर केबलचं. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून अधिक माहिती समुद्रतळावरच्या केबलमधून जाते, आणि त्या केबल उतार ओलांडूनच किनाऱ्याला लागतात. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडाच्या ग्रँड बँक्स उतारावर भूकंप झाला. कोसळलेला गाळ पाण्यात मिसळून उतारावरून सुटला आणि एकामागून एक १२ तारकेबल तुटल्या. शेवटची तुटली ती तेरा तासांनी, शेकडो किलोमीटरवर. प्रत्येक केबल तुटल्याची नेमकी वेळ नोंदलेली असल्यामुळे पुढे १९५२मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस यूइंग यांना त्या लोंढ्याचा वेग काढता आला. नंतरच्या फेरहिशेबातही तो ताशी ६० किलोमीटरहून जास्तच भरतो. एरवी उताराला आडवं वाहणारं पाणी इथे सरळ खाली का धावलं? गाळामुळे ते इतकं जड आणि वेगवान झालं होतं की कोरिऑलिस परिणामाला वळवायला वेळच मिळाला नाही. जानेवारी २०२०मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला काँगो घळईत असाच लोंढा १,१०० किलोमीटरहून अधिक गेला आणि वाटेतल्या केबल तोडून गेला.

पाणबुड्यांनाही अंतर्गत लाटांचा धोका असतो. एप्रिल २०२१मध्ये बालीच्या उत्तरेला इंडोनेशियाची 'नांगाला' पाणबुडी ५३ जणांसह बुडाली, तेव्हा तिथल्या नौदल अधिकाऱ्यांनी संभाव्य कारणांत अशा लाटेचाही उल्लेख केला होता. याच लाटा काही ठिकाणी जीव वाचवतात. अंदमान समुद्रात खालचं गार पाणी वर ढकलून त्या प्रवाळांना उष्णतेच्या लाटेत थंडावा देतात. २०१०च्या तापमानवाढीत लाटांच्या माऱ्यातल्या बाजूच्या प्रवाळांना कमी झळ बसल्याचं नोंदलं गेलं.

आणि हवामान. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र घेतो, शिवाय माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा. ही उष्णता आणि हा कार्बन खाली गेल्यावर किती शतकं तिथे राहणार, हे पाणी वर किती वेगाने येतं यावर ठरतं.

## 'हवामानाच्या मॉडेलमध्ये हे सगळं असेलच की'

थोडंफार असतं. जागतिक मॉडेल समुद्राचे चौकोन पाडून हिशेब करतं. एकेक चौकोन काही दहा किलोमीटर ते शंभर किलोमीटर रुंद. काही दहा मीटर जाडीचा चढणारा थर किंवा पाच-दहा किलोमीटर रुंदीची घळई त्यात मावत नाही. तिरका उतारसुद्धा अनेक मॉडेलमध्ये पायऱ्यापायऱ्यांचा होतो. डेन्मार्क सामुद्रधुनीतून येणारं जड पाणी अशा प्रत्येक पायरीवरून पडताना भोवतालच्या पाण्यात गरजेपेक्षा जास्त मिसळतं, आणि खोल पोहोचायच्या आतच हलकं होऊन मध्येच थांबतं. म्हणून काही मॉडेल आडव्या पायऱ्यांऐवजी पाण्याच्या घनतेचे थर धरून चालतात. आणि पूर्वी जिथे मिसळण्याचा एकच आकडा सगळ्या समुद्राला लावला जायचा, तिथे आता भरतीची ऊर्जा कुठे किती खर्च होते याचे नकाशे वापरले जातात.

अभिसरणावरच्या बातम्या वाचताना हे ध्यानात असावं. त्या खोट्या आहेत असं अजिबात नाही; अटलांटिकमध्ये २००४पासून २६ अंश उत्तर अक्षांशावर, अबाकोच्या त्याच उभ्या उतारापासून आफ्रिकेपर्यंत, उपकरणं रोवून प्रत्यक्ष मोजणी चालू आहे. पण शंभर-दोनशे वर्षांपुढचं भाकीत जितकं लांबचं, तितका उतारांवरच्या या न मावणाऱ्या हालचालींचा वाटा मोठा.

त्यात आणखी एक साधी अडचण आहे. उतार कुठे आणि किती आहेत हेच आपल्याला पुरतं ठाऊक नाही. समुद्रतळाचा नकाशा २०३०पर्यंत पूर्ण करायचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालू आहे, आणि जून २०२५पर्यंत २७.३ टक्के तळ आधुनिक पद्धतीने मोजून झाला होता. बाकीच्याचा आकार उपग्रहांनी मोजलेल्या गुरुत्वाकर्षणातल्या फरकांवरून काढलेला आहे. डिसेंबर २०२२मध्ये सोडलेल्या स्वॉट उपग्रहामुळे तो बराच स्पष्ट झाला आणि अंतर्गत लाटांच्या पृष्ठभागावरच्या खुणाही आता दिसू लागल्या आहेत, तरी काही किलोमीटरांहून लहान तपशील त्यात पुसटच राहतात. न मोजलेल्या भागातला एखादा उतार दोन अंशांचा आहे की चार, हे त्यावरून नेमकं सांगता येत नाही. आणि भरतीची लाट तिथून परत जाईल की तिथेच फुटेल हे ठरवणारा फरक तेवढाच असतो.